तीन नंबरवरचा पंखा

११ जानेवारी, दुपार

ही वही ताईने मला एक तारखेला दिली. आज अकरा. मधले दहा दिवस लिहिलं नाही कारण पेन नव्हतं. म्हणजे होतं, पण निळं होतं, आणि अशी वही काळ्या पेनने लिहावी असं माझं मत आहे. चार तारखेला काळं पेन आणायला निघालो तर चौकात क्रेनने सहाव्या मजल्यावर पाण्याची टाकी चढवत होते. असं रोज बघायला मिळत नाही. टाकी चढली तोवर दुकान बंद. पाच ते दहा या तारखा कुठे गेल्या ते नीट आठवत नाही. आज ताईच्या पर्समधलं लाल पेन घेतलं आहे.

खरं तर वही वाद्यांची नोंद ठेवायला दिली आहे. पहिल्या पानावर ताईने पट्टीने रकाने आखलेत: वाद्य, कोणाकडे, कधी परत. ते पान मी तसंच कोरं ठेवलं आहे. छान दिसतं. मागच्या पानांवर माझं.

परिस्थिती लिहून ठेवतो. ताई शाळेत बँड शिकवते. तीन वर्षं टेंपररी. पुढच्या महिन्यात शेजारच्या राज्यात शाळांच्या बँडचा मोठा संगीत महोत्सव आहे. मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस, म्हणाल्या आहेत की तिथे पहिल्या तिघांत आलात तर कायमची ऑर्डर काढते, नाहीतर हे वर्ष शेवटचं समजा. इकडे बाबांचे गुडघे गेलेत. रंगाच्या दुकानात वरच्या फळीवरचे डबे काढायला शिडी चढवत नाही. त्यांचं म्हणणं, दोघांपैकी एकाने जूनपासून दुकानात बसायचं, कोण ते तुम्ही ठरवा. ताईची नोकरी पक्की झाली तर ताई सुटली. नाही झाली तर ताई. यात माझा प्रश्न कुठे येतो ते मला दिसत नाही, कारण मी बँडमध्ये आहे.

बँडमध्ये म्हणजे दोन महिन्यांसाठी मदतनीस. मोठ्या बाईंच्या कागदावर तसं लिहिलंय. प्रत्यक्षात काम मॅनेजरचं.

१२ जानेवारी

संकल्प. रोज पाचला उठणे. पंधरा दिवसांत नोटेशन वाचायला शिकणे. कामाला निघाल्यावर वाटेत काहीही बघायला थांबायचं नाही, अगदी क्रेनसुद्धा.

उठलो सव्वानऊला. पण आज बारा तारीख. पंधरापासून धरतो, म्हणजे महिन्याचा अर्धा भाग सरळ हातात येतो.

१३ जानेवारी

प्रॅक्टिसच्या खोलीचं निरीक्षण केलं. मॅनेजरने आपली माणसं ओळखली पाहिजेत.

बावीस मुलं. त्यातला ट्रम्पेटवाला भोंगा. नववीत आहे. वाजवत नसेल तेव्हा बोलत असतो, आणि दोन्हींत फारसा फरक नाही. कायम घाईत, सगळ्यांच्या आधी चार पावलं पुढे. मोठ्या ढोलावर मौनी. तीही नववीत. तिचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. उंची ढोलाएवढीच, त्यामुळे पुढून फक्त दोन वेण्या आणि दांडका दिसतो. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

ताई समोर उभी राहून हात हलवते. मुलं तिच्याकडे बघत नाहीत. सगळी कागदात नाक खुपसून. कागद स्टँडवरून उडू नये म्हणून प्रत्येकाला दोन लाकडी चिमटे, कपडे वाळत घालायचे असतात ते. कारण डोक्यावर जुना पंखा आहे, तीन नंबरवर फिरतो आणि टक टक आवाज करतो.

माझी जागा दाराजवळच्या स्टुलावर. डोक्याशी पंख्याचा रेग्युलेटर. जागा मोक्याची आहे.

१५ जानेवारी

पाचला उठायचं होतं. गजर झाला. बंद कोणी केला याची चौकशी चालू आहे.

१६ जानेवारी

ताई म्हणाली की त्या पंख्याने डोकं उठतं, तेवढा बघतोस का. मी म्हटलं, झालं समज. शिलाई मशीनचं तेल आणलं. फक्त एकदाच थांबलो (दोन माणसं खिडकीतून सोफा आत घालत होती, तो जाणार नाही हे त्यांना सांगणारं कोणीतरी हवं होतं). तेल सोडलं, पात्याचा स्क्रू आवळला. पंखा आता मांजरासारखा फिरतो.

ताई म्हणाली, भिंगरी, मनात आणलंस तर करतोस की रे तू. हे वाक्य मी इथे तारखेनिशी नोंदवून ठेवतो आहे. भिंगरी हे नाव बाबांनी ठेवलेलं. माझ्या पायांवरून. मी आतापर्यंत सात कामं केली, आणि सातही ठिकाणी लोक अजून माझी आठवण काढतात.

१७ जानेवारी

अनर्थ. मार्च सुरू झाला आणि फुटक्या पिशवीतून बटाटे सांडावेत तसा बँड चहूकडे गेला. भोंगा सगळ्यांच्या आधी संपवून मोकळा. बासरीवाल्या मुली अजून दुसऱ्या पानावर. ताईने थांबवलं, परत सुरू केलं, परत सांडलं. सहा वेळा. ताई ओरडली नाही, ते वाईट.

मौनी आज गैरहजर. दाढ काढायला गेली आहे. ढोल कोपऱ्यात तोंड फिरवून उभा. त्याने काही बिघडत नाही म्हणा. ढोल म्हणजे काय, मधूनमधून ढम.

१८ जानेवारी, सकाळ

पुन्हा तेच. मौनी आजही नाही. प्रॅक्टिस संपल्यावर ताई ट्यूबा वाद्याच्या पेटीवर बसली आणि भिंतीकडे बघून म्हणाली की बाबांना आजच सांगून टाकते, जूनपासून येते, निदान रंगांचं शेडकार्ड तरी वेळेत पाठ होईल. मी म्हटलं, अगं ताई, मी आहे ना. ती म्हणाली, हो, तेही आहेच.

दुपार, सलूनमध्ये

नंबर लागायचा होता. भिंतीवरचं घड्याळ टिक टिक. न्हावी त्याच तालावर कात्री चालवत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

मी उठून उभा राहिलो. न्हावी म्हणाला, नंबर जाईल. म्हटलं, जाऊ दे.

पंखा. बँड इतके महिने पंख्याच्या टकटकीवर वाजवत होता. ताईच्या हातावर नाही, कागदावर नाही, पंख्यावर. मी तेल घातलं आणि ताल गेला. हे जगात फक्त मला माहीत आहे. ताईला सांगायचं नाही. बिचारीला वाटतं तिच्या हातांनी चालतं.

१९ जानेवारी

थंड पेयाच्या बाटलीचं झाकण तारेने पात्याला बांधलं. तीन नंबर. टक टक टक टक. पहिल्यापेक्षा गोड.

बँड सरळ रेषेत. एकही बटाटा सांडला नाही. मार्च पहिल्यापासून शेवटपर्यंत, नंतर संथ धून, नंतर द्रुत धून. ताईच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. (मौनीही आली. गाल सुजलेला. ते असो.) ताईने वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाली, हा परत आवाज करायला लागला वाटतं. मी म्हटलं, राहू दे गं, आता सवय झाली आहे.

आज कळलं की बँड कोण चालवतं. मी स्टुलावर बसून चालवतो.

२३ जानेवारी

प्रयोग. मार्चच्या मधोमध पंखा हळूच चारवर केला. बँडचा वेग वाढला नाही. फक्त भोंगा पुढे पळाला. म्हणजे सिद्धांत बरोबर आहे, बाकीची मुलं जरा मंद आहेत.

नोटेशन शिकायचं पुस्तक लायब्ररीतून आणलं. पहिलं पान चांगलं आहे.

२८ जानेवारी

मोठा प्रश्न. महोत्सव उघड्या मैदानावर, मंडपात. तिथे छताला पंखा नाही. बँड तिथे आंधळा होणार. ताई निर्धास्त आहे, सारखी म्हणते मुलं तयार आहेत. कोणामुळे तयार आहेत हे तिला कोण सांगणार.

उपाय सुचला. लिहीत नाही. भिंतीला कान असतात आणि भोंगा शेजारच्याच बाकावर आहे.

२९ जानेवारी

लिहितो. टेबल फॅन.

२ फेब्रुवारी

फोटो स्टुडिओचे मालक, माझं चौथं काम, त्यांच्याकडून टेबल फॅन मिळवला. ते म्हणाले, फॅन ने, पण परत कामाला येऊ नकोस. माणूस प्रेमळ. झाकण बांधलं. वरचा पंखा बंद करून खोलीत चाचणी घेतली. बँड पहिल्यासारखाच चोख. ताईने विचारलं, थंडीत आणखी एक पंखा कशाला. मी म्हटलं, गरम होतंय. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

४ फेब्रुवारी

चाळीस मीटर वायर आणायला गेलो होतो. वाटेत एक माणूस मांजराला औषध पाजत होता. एका माणसाचं काम नाही ते. मांजर वाचलं. माझा हात पट्टीत आहे. वायर उद्या.

५ फेब्रुवारी

वायर आणली. ताईने विचारलं की नोंदवही कुठवर आली. म्हटलं, भरत आली. हे खरं आहे.

बाबांना ताईने फोनवर महोत्सवाचं सांगितलं. या म्हणाली. बाबा म्हणाले की सीझन आहे, दुकान बंद ठेवता येत नाही, आणि बाजा काय लग्नातही ऐकू येतो. ताई हसली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ क्लॅरिनेटचा डबा पुसत बसली. डबा स्वच्छ होता.

म्हणून मी ठरवलं आहे. नंबर आणायचा. माझ्याकडून काही कमी पडणार नाही.

८ फेब्रुवारी, सकाळी ११, बसमध्ये

पाचला निघायचं होतं. मी पावणेपाचला हजर होतो. इथे नोंदवतो. (रात्री झोपलोच नाही, त्यामुळे उठायचा प्रश्न आला नाही.)

सामान मी स्वतः भरलं. टेबल फॅन नुसता ठेवला तर जाळी चेपणार. ढोलाची लाकडी पेटी नेमक्या मापाची. फॅन पेटीत. ढोल मौनीच्या मांडीवर. चौदा तासांचा प्रवास आहे, पण तिने तक्रार केली नाही. भोंगा म्हणतो, ती कधीच करत नाही, म्हणून तर सगळे तिला ढोल देतात.

दुपारी ३

चहाला थांबलो होतो. धाब्याच्या मागे एक म्हातारा मधमाशीच्या पेट्या उघडत होता. त्याच्या हातावर माश्या आणि तो शांत. मी म्हटलं, पाच मिनिटं. परत आलो तर ड्रायव्हरकाका हॉर्नवर झोपल्यासारखे हात टेकून. म्हणाले, साहेब, चाळीस मिनिटं. बावीस पोरांची मोजणी चारदा झाली, चारही वेळा बरोबर. हरवलेला एकच, मोजणारा.

ताईने नोंदवहीकडे हात पुढे केला. मी म्हटलं, लिहितोय. तिने खिडकीबाहेर बघितलं.

मुक्कामाच्या ठिकाणी हे सगळं भरून काढतो.

९ फेब्रुवारी, सकाळी ८

आजचा दिवस. मंडप बघून आलो. लाकडी स्टेज, खाली वाकून चालता येईल एवढी जागा, फळ्यांत बोटभर फटी. समोर तीन परीक्षक, टेबलाला पांढरं कापड. आमच्या आधी अकरा बँड. त्यातल्या एकाचे बूट बघितले. आरशासारखे. आमच्याकडे भोंग्याच्या एका बुटाला नाडी आहे.

स्विचबोर्ड स्टेजच्या खाली, माइकवाल्याच्या पेटीजवळ. चाळीस मीटर कमी पडणार नाही. अडचण एकच: वायर मुलांच्या पायात येणार. कोणी पडलं तर खापर माझ्यावर. स्टेजच्या कडेने फळीला घट्ट धरून न्यायला हवी.

९.३०

सुटलं. फळीच्या कडेला वायर चिमट्यांनी बसवली. चव्वेचाळीस चिमटे, बरोबर शेवटपर्यंत पुरले. देवाने मोजून दिल्यासारखे. फॅन आमचा ढोल येणार त्या जागेमागे, ताईला दिसणार नाही अशा बेताने, तोंड बँडकडे. तीन नंबरवर. खाली बोर्डाचं बटण माझ्या हातात. मैदानावर वारा अजिबात नाही. पान हलत नाही. सगळं आपल्या बाजूने आहे.

ताई पांढरी पडली आहे. पाणी दिलं तर ग्लास दोन्ही हातांनी धरला. म्हणाली, भिंगरी, आज काहीही करू नकोस हं, फक्त स्वस्थ बस. मी म्हटलं, बटण दाबण्यापलीकडे मी काहीच करणार नाही. तिला वाटलं मी गंमत करतो आहे.

१२.१५, स्टेजच्या खालून

झालं. जसं घडलं तसं लिहितो, आठवण ताजी आहे.

नाव पुकारलं. वर बावीस जोड बूट आले. ताईच्या चपला मध्यभागी. तिने हात वर केला असणार, कारण सगळे बूट थांबले. मी बटण दाबलं.

टक टक सुरू झाली. ती मी ऐकली. त्याच्या पाठोपाठ खसखस. फळ्यांच्या फटींतून बघतो तर कागद. मग आणखी कागद. मार्चची सगळी पानं पाखरांच्या थव्यासारखी उठली आणि प्रेक्षकांत गेली. एक परीक्षकांच्या टेबलावर उतरलं, एक मधल्या परीक्षकांच्या टकलावर.

चिमटे.

खोलीतले ते चिमटे कशासाठी होते हे मला त्या क्षणी आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस माझ्या डोळ्यांसमोर ओळीने वायर धरून बसले होते.

वर पूर्ण शांतता. एक बूट मागे सरला. ताईच्या चपला जागच्या हलल्या नाहीत. मग ढम. जरा थांबून ढम. चार ढम, एकट्या ढोलाचे. मग ताईने काहीतरी केलं असणार, कारण बूट सगळे तिच्याकडे वळले, चवडे एका दिशेला, सूर्यफुलांच्या रांगेसारखे, आणि मार्च सुरू झाला.

मी महिनाभर हा मार्च ऐकतो आहे. तो मी आज पहिल्यांदा ऐकला. भोंगासुद्धा कोणाच्या पुढे गेला नाही. संथ धुनेच्या वेळी माइकवाला कानावरचा हेडफोन काढून ऐकत बसला. टाळ्या पडल्या तेव्हा फळ्यांमधून माझ्या डोक्यावर धूळ पडत होती. मी ती झटकली नाही.

कागद गेले तरी पंखा चालू होता. हेच ते. मुलांचा ताल पंख्यात आहे हे मी म्हणत होतो. आता कोणी काही म्हणो.

दुपारी ४

माइकवाला मघाशी आला. त्याने माझ्या हातात माझा प्लग ठेवला. म्हणाला, तुमचाच ना. कागद उडायला लागले तेव्हाच ओढला मी, पहिल्या ढमच्या आधी. म्हटलं कोण शहाण्याने पंखा लावून ठेवलाय.

म्हणजे मी बटण धरून बसलो होतो ते नुसतं बटण.

ठीक आहे. तर मुलांच्या मनात पंख्याचा ताल इतका मुरला होता की पंख्याची गरजच उरली नव्हती. हा जास्तच मोठा विजय आहे.

४.३०

भोंग्याला विचारलं. साधं, सहज. म्हटलं, तुम्ही वाजवताना कान कुठे असतो. तो म्हणाला, मौनीच्या पायावर. दांडका पडायच्या आधी ती टाच आपटते, एक दोन तीन चार, कोणाला ऐकू येत नाही पण जमिनीतून पायाला लागते. सगळे त्यावरच चालतात. ती दाढेसाठी दोन दिवस नव्हती तेव्हा आमची वाट लागली होती, आठवतंय ना दादा.

मी म्हटलं, आणि पंखा. भोंगा म्हणाला, कोणता पंखा. मग म्हणाला, हां तो टकटक्या, डोकं उठायचं त्याने.

मौनी शेजारी सफरचंद खात होती. तिने खाणं थांबवलं आणि म्हणाली की आज मी पण टाच आपटली नाही, आज बाईंचा हात बघितला, कागद नव्हता ना डोळ्यांसमोर. एवढं बोलून पुन्हा सफरचंद.

मागची पानं चाळली. सतरा आणि अठरा जानेवारी. अक्षर माझंच आहे.

संध्याकाळी ६

निकाल. दुसरे. चाळीस शाळांत दुसरे. उद्या समारोपाच्या कार्यक्रमात पहिल्या तिघांनी पुन्हा वाजवायचं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं आहे की कागद उडाल्यावरही ज्या विश्वासाने मुलं आपल्या शिक्षिकेकडे बघत होती ते दुर्मिळ आहे. ताईने ते दोनदा वाचलं, मग घडी घालून चष्म्याच्या डब्यात ठेवलं.

मोठ्या बाईंचा फोन आला. ऑर्डर सोमवारी टाईप होते आहे. ताई फोनवर फक्त हो बाई, हो बाई म्हणत होती आणि मोकळ्या हाताने खिडकीची कडी उघडत होती, लावत होती, उघडत होती.

मुलं शांत झाल्यावर मी जवळ गेलो. म्हटलं, पंख्याचं मला सांगायचं आहे. ती म्हणाली की कालच ढोलाच्या पेटीत दिसला, आज विचारणार होते, तेवढ्यात कागद उडाले. मग म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या वेंधळेपणाचा उपयोग झाला, पण म्हणून तो परत करायचा नाही. आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. शाळा सुटल्यावर लहानपणी हसायची तशी.

मला वाटतं हीच वेळ योग्य आहे. उद्या सकाळी बँड मॅनेजरच्या कायमच्या जागेचा विषय काढतो.

१० फेब्रुवारी, सकाळी ९

विषय काढला. ताईने नीट ऐकून घेतलं. म्हणाली की मदतनिसाची जागा दोन महिन्यांचीच होती, ती या महिन्यात संपते. पुढच्या वर्षी वाद्यं मुलंच सांभाळणार, मौनीला कॅप्टन करणार आहे. नोंदवही तिच्याकडे दे. मी म्हटलं, आत्ता देता येणार नाही, त्यात खाजगी आहे. ताई म्हणाली, वाद्यांमध्ये खाजगी काय. मी विषय बदलला.

हरकत नाही. नोटेशन येणारा माणूस रिकामा राहत नाही. पुस्तकाचं दुसरं पान आजच घेतो.

आणि एक विचार सुचला आहे: बोटीवरचे बँड असतात. जहाजावर मॅनेजर लागतोच.

११.१०

पुस्तक घेऊन आमच्या मुक्कामाच्या वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. समोर एक माणूस शिडीवर चढून ‘स्वागत’ची पाटी सरळ करत होता. ती सरळ होत नव्हती. मी त्याला डावीकडे, अजून डावीकडे असं सांगत होतो. एक दिशा दाखवणारा माणूस किती महत्त्वाचा असतो हे लोकांच्या लक्षात येत नाही.

११.४०

भोंगा धापा टाकत वर आला. म्हणाला, दादा, खाली गेटपाशी तुमचे बाबा आलेत.

मी म्हटलं, शक्य नाही, सीझन आहे, त्यांनी पस्तीस वर्षांत दुकान बंद ठेवलेलं नाही. भोंगा म्हणाला, तेच आहेत, बुटांवर पाच रंगांचे थेंब आहेत, वॉचमनला विचारत होते की बाजावाल्या बाई कुठे. गुडघे अवघडलेत, एसटीतून उतरताना तिघांनी हात दिला. ताई पायऱ्या सोडून धावत गेली. बाबा तिला म्हणाले की मोठ्या बाईंचा फोन आला होता, पेढे नाही आणले, उशीर झाला असता, मला कडेची खुर्ची दे म्हणजे पाय लांब करता येतील. ताई नुसती त्यांची पिशवी घेऊन उभी होती, असं भोंगा म्हणतो. आता सगळा बँड गेटवर गोळा झाला आहे आणि बाबा एकेकाला तू काय वाजवतोस विचारत आहेत. मौनीच्या ढोलावर बोट वाजवून म्हणाले म्हणे, रंग उडालाय, कोणता हवा सांग.

मी आरशात बघितलं. केस ठीक आहेत. माझ्याबद्दल काही विचारलं का, असं भोंग्याला विचारलं.

भोंगा म्हणाला, हो तर, सगळ्यात आधी तुमचंच विचारलं. आणि संध्याकाळच्या गाडीची परतीची दोन तिकिटं त्यांच्या वरच्या खिशात आहेत, अर्धी बाहेर डोकावतात.

ताई तर बँडबरोबर बसने परत जाणार आहे. दुसरं कोणाचं, ते खाली जाऊन विचारायला हवं. जातोच. आधी ती पाटी सरळ झाली का तेवढं बघतो.